भवानीनगरच्या पुढे

बारामतीत रात्रीचा शेवटचा खेळ सुटतो तेव्हा इंदापूरकडं जाणारी एसटी मिळत नाही. सिनेमाला जायचं तर मोटरसायकल काढायची, कानाला मफलर गुंडाळायचा आणि परतीच्या पाऊण तासाची तयारी ठेवायची. आमचं गाव लासुर्ण्याच्या आतल्या अंगाला, नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणीत. काटेवाडी मागं पडते. भवानीनगरला छत्रपती कारखान्याचे दिवे दिसायच्या आधीच मळीचा वास येतो. हंगाम चालू असला तर उसाच्या ट्रॉल्या कडेला रांगेनं उभ्या असतात, ड्रायव्हर मंडळी शेकोटी करून बसलेली असतात. तिथपर्यंत माणसांची सोबत असते. भवानीनगरच्या पुढं उजेड विरळ होत जातो, बेलवाडीचं रिंगणाचं मैदान अंधारात नुसतं जाणवतं, आणि लासुर्ण्याला मोठा रस्ता सोडला की शेवटचे तीन किलोमीटर दोन्ही बाजूंनी ऊस.

सिनेमा कसा बघायचा हे मला या रस्त्यानं शिकवलं. वर्षाला सहा-सात सिनेमे बघणारा मी माणूस. उसाचं बिल खात्यावर आलं, किंवा बारामतीत कॉलेजला असलेल्या मुलीनं हट्ट धरला, की जातो. कॅमेरा, संकलन यातलं मला कळत नाही. पण बघितलेला सिनेमा माझ्याबरोबर कुठपर्यंत आला, एवढं मी दर वेळी बघतो. काही सिनेमे गाडी चालू करायच्या आतच सुटून जातात. काही काटेवाडीपर्यंत गप्पांना पुरतात. भवानीनगरच्या पुढं, अंधारात, जो मागच्या सीटवर बसून राहतो तो माझा सिनेमा.

२०२५ च्या डिसेंबरात ‘धुरंधर’ बघितला. साडेतीन तासांचा सिनेमा, आणि खुर्चीत चुळबूळ करू देत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. अक्षय खन्ना पडद्यावर आला की थिएटर गप्प होत होतं. शेजारची पोरं दुसऱ्यांदा आली होती आणि पुढचा प्रसंग एकमेकांच्या कानात सांगत होती. पण काटेवाडी येईपर्यंत माझ्या डोक्यात कालव्याची पाळी सुरू झाली: पाणी गुरुवारी सुटणार की शनिवारी, आपल्या चारीला किती वाजता लागणार. ‘पुष्पा २’चंही तसंच झालं होतं. हे सिनेमे वाईट नाहीत. राबून आलेल्या माणसाला तीन तास सगळं विसरायला लावणं ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यांच्यातलं संकट फार लांबचं असतं. कराचीतली टोळी, जंगलातलं रक्तचंदन. आमच्या उंबऱ्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं, म्हणून ते उंबऱ्यापर्यंत येतही नाही.

‘छावा’ची रात्र वेगळी होती. २०२५ चा फेब्रुवारी. घरची आणि भावकीतली मिळून अकरा जण जीप करून गेलो होतो. पुढच्या रांगेत कुणीतरी आपल्या पोराला मावळ्याचा वेश घालून आणलं होतं, आणि ते पोर मध्यंतरानंतर आईच्या कुशीत तोंड खुपसून बसलं. शेवटी शेवटी तर मलाही पडद्याकडं बघवेना. थिएटरभर हुंदके ऐकू येत होते, आणि त्यात माझाही होता. तरी एक तक्रार राहिलीच. संभाजीराजांनी संस्कृतात ‘बुधभूषण’ रचलं. ग्रंथ लिहिणारा, नीतीवर विचार करणारा तो तरुण राजा या सिनेमात फारसा भेटत नाही. तलवार भेटते, गर्जना भेटते. विकी कौशलमध्ये तो शांत राजा उभा करायची ताकद होती, असं मला अजून वाटतं. त्याच सिनेमात औरंगजेब झालेला अक्षय खन्ना मात्र आवाज न चढवता अंगावर काटा आणतो.

आमच्यासाठी ही गोष्ट पुस्तकातली नाही. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढं उजनीच्या पाण्यात शिरते, तिथून निघून आमच्या तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूरला नीरेला भेटते. ११ मार्च १६८९ ला ज्या नदीकाठी संभाजीराजांना मारलं, तिचंच पाणी आमच्याकडं येतं. संगमेश्वरला राजे सापडले. मोगल सरदार मुकर्रबखानाला तिथली आडवाट कुणी दाखवली यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मी त्यात पडणार नाही. पण परतताना जीपमध्ये जी कुजबुज चालली होती ती औरंगजेबाबद्दल नव्हती. भवानीनगर गेलं, बेलवाडी गेलं, तरी मागं बसलेले चुलते तेच एक वाक्य परत परत म्हणत होते, “आपल्यातलंच कुणीतरी असणार.”

त्या रात्रीपासून मला वाटायला लागलं की सिनेमा कुठपर्यंत सोबत येतो याचं कारण या वाक्यात कुठंतरी आहे.

मुलीला भुताचे सिनेमे आवडतात. तिच्यामुळं मी ‘स्त्री २’ बघितला, ‘मुंज्या’ बघितला. ‘स्त्री २’ला आम्ही पोट धरून हसलो. मुंडकं नसलेलं ते भूत गावातल्या मनासारखं जगणाऱ्या बायकाच उचलून नेतं, ही कल्पना मोठी धारदार आहे, पण शेवटी संगणकाच्या मारामारीत ती बोथट झाली. आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’त मला घर आवडलं. सुहास जोशींनी उभी केलेली आजी, तिचं नातवाला जवळ घेणं, हे सगळं आपल्याकडचं होतं. बाकी दोन्ही सिनेमांत आम्ही दचकलो पुष्कळ.

दचकणं आणि भिणं ही दोन वेगळी कामं आहेत. आई ‘भ्या वाटतं’ म्हणते, आणि तो शब्द ती क्वचितच वापरते. दचकायला कान पुरतात. शांततेत एकदम ढोल वाजवला की कुणीही दचकेल. भ्या वाटायला ओळख लागते. ज्याची ओळख नाही त्याचं भ्या कसं वाटेल?

आमच्या लहानपणी भुतांचीही गावकीतल्या माणसांसारखी ओळख होती. पिंपळावर मुंजा, ओढ्याच्या वळणावर हडळ, विहिरीत साती आसरा. ऊस वाढला की चकवा. रात्री दारं धरायला गेलेला माणूस सरीवरून सरीवर चालत राहतो आणि पहाटे परत त्याच बांधावर येतो, त्याला चकवा लागला म्हणायचं. आमचे आबा दिवेलागणीनंतर आम्हाला पिंपळाखाली जाऊ देत नसत. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे, देवळापुढं रात्रभर तीन कॅसेटी चालायच्या. १९९३ चा ‘झपाटलेला’ मी तिथं पोत्यावर बसून बघितला. तात्या विंचूचा जीव बाहुल्यात शिरला आणि पुढं महिनाभर मी धाकट्या बहिणीची बाहुली रात्री धान्याच्या कणगीत टाकून झोपत होतो. तो तात्या विंचू रंगवणारे दिलीप प्रभावळकर बत्तीस वर्षांनी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, ‘दशावतार’मध्ये बाबुली मेस्त्री होऊन समोर आले. मुलगी म्हणाली, “पप्पा, हे आजोबा किती जीव तोडून काम करतायत.” मी तिला कणगीची गोष्ट सांगितली. बाहुलीला भिणारं ते पोर आणि हा बापय यांच्यामध्ये हा एक नट सबंध वेळ काम करत राहिला, याचं मला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं.

‘तुंबाड’ २०१८ ला आमच्या हातून निसटला. सहा वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, तेव्हा बघितला. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा. नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून त्याचं बीज पडलं आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलं. पण माझ्या आधी लक्षात आला तो वाडा. सासवडचा पुरंदरे वाडा. मोरगाव, जेजुरी, सासवड करत पुण्याला जाताना हे गाव आमच्या वाटेतलंच.

‘तुंबाड’मध्ये पाऊस थांबत नाही. कोकणातला, शापासारखा, माणसाला कुजवणारा पाऊस. बघणाऱ्याला त्यानं गुदमरायला व्हावं अशी योजना आहे. पण आम्ही पर्जन्यछायेतली माणसं. तालुक्याचा काही भाग अजून जिरायत आहे. माझ्या मागं बसलेला एक जण त्या पावसाकडं बघत कळवळून म्हणाला, “एवढा आपल्याकडं पडाया पायजे हुता.” दोन-चार जणांनी हुंकार भरला. त्या थिएटरात पावसाचं भ्या कुणालाही वाटलं नाही. भ्या वाटलं ते दुसऱ्याच जागी. बाप आपल्या पोराला त्या खजिन्याकडं घेऊन जातो, कणकेची बाहुली कशी वापरायची ते शिकवतो, आणि पोर बापाच्याही पुढं जातं. कुणी आरडत नाही, किंचाळत नाही. शेती शिकवावी तशी हाव शिकवली जाते. ती मी ओळखत होतो. आमच्याकडं तिला बांध कोरणं म्हणतात. दर नांगरटीला एक बोट, दर पेरणीला एक वीत. बाप कोरतो, पोरगा बघून शिकतो. तो सिनेमा लासुर्ण्याच्या पुढं आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे बांध मला त्या रात्री मोटरसायकलच्या उजेडात वाकडे दिसत होते.

पाण्याची आमची भीती वेगळी आहे. उजनीच्या पोटात गावं गेली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात गेलं आणि धरण फार आटलं की ते वर येतं. लोक हौसेनं बघायला जातात. ज्यांची घरं तिथं होती ती माणसं देवळाच्या पायऱ्यांवर बसून राहतात आणि चिखलाकडं बोट दाखवून ‘इथं आमचं जोतं’ म्हणतात. २०२४ च्या मे महिन्यात करमाळ्याकडच्या कुगावहून आमच्या कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्या आठवड्यात आमच्या घरात टीव्ही लागला नाही. अशा वेळी सिनेमातली भुतं फार दुरून आल्यासारखी वाटतात.

त्या पाण्याच्या पलीकडचा करमाळा म्हणजे ‘सैराट’चा मुलूख. एप्रिल २०१६ मध्ये तो लागला तेव्हा आमच्या गावातून ट्रॅक्टर भरून पोरं बारामतीला गेली होती. मी बायकोबरोबर गेलो. पडद्यावर आपली भाषा, आपले ओढे, आपल्यासारखी उन्हानं रापलेली तोंडं. आर्ची झालेली रिंकू राजगुरू नीरेपलीकडच्या अकलूजची. ती बुलेटवरून येते तेव्हा बायकांनीही शिट्ट्या मारल्या. अजय-अतुलचं गाणं लागलं आणि माणसं खुर्च्यांवर चढली, पडद्यापुढं जाऊन नाचली. त्या नाचणाऱ्यांत कुठल्या जातीचं कोण होतं ते मला माहीत आहे, कारण त्यातली निम्मी तोंडं ओळखीची होती. सगळे एकत्र नाचत होते.

आणि मग ती शेवटची मिनिटं. माहेरची माणसं दारात आलेली. तिनं त्यांना आत बोलावलेलं. आईनं पाठवलेल्या वस्तू. नागराज मंजुळेंनी तिथून आवाजच काढून घेतला. तिचं लहान पोर बाहेरून येतं, आणि परत बाहेर जाताना त्याची रक्ताची पावलं उमटतात. संगीत नाही, किंकाळी नाही. सिनेमा संपला तेव्हा दारं उघडली तरी कुणी उठेना. मघाशी नाचलेल्या पोरांनी खाली मान घालून गाड्या काढल्या. हॉर्नसुद्धा वाजला नाही. आम्ही दोघं भवानीनगरपर्यंत एक शब्द बोललो नाही. कारखान्याच्या दिव्यांत आल्यावर बायको मागून म्हणाली, “अहो, माहेरची माणसं म्हणून तिनं आत घेतलं हो.” मराठीत याच्याइतका भीतिदायक सिनेमा झालेला नाही, असं माझं मत आहे. त्याला कुणी भयपट म्हणत नाही, ते राहू दे.

आता उसाबद्दल सांगतो, कारण उसातला भयपटही मराठीत झाला आहे आणि तो पुरेशा लोकांनी थिएटरात बघितला नाही. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’, २०१७ चा. मीही थिएटरात बघितला नाही. बघितला तो दोन वर्षांनी, फोनवर, आणि अशा जागी की त्यापेक्षा योग्य थिएटर त्याला मिळणार नाही. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. आडसाली ऊस डोक्याच्या वर दोन हात गेलेला. मोटर चालू करून, दारं फोडून, सरी भरेपर्यंत मी मोटरच्या खोलीत बसलो होतो. वेळ जावा म्हणून सिनेमा लावला. सावकारांना चुकवत एक जोडपं ड्रायव्हरच्या गावी येतं. बाई गरोदर, दिवस भरत आलेले. घर उसाच्या मधोमध. पूजा सावंतनं ती बाई केली आहे आणि उषा नाईकांनी त्या घरातली तुळसाबाई. गोड बोलून जेवायला वाढणारी तुळसाबाई.

ज्यानं उसात काम केलं आहे त्याला विचारा, उसाच्या आत गेलं की काय होतं. चार पावलांवर बांध असला तरी दिसत नाही. पानं हातातोंडाला कापतात, कूस अंगभर टोचते. आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळत नाही, कारण पाचट सगळीकडून सारखंच वाजतं. तिथं माणूस हरवला तर वारा आला तरी त्याला कुणीतरी चालल्यासारखं वाटतं. आताशा बिबट्याची भर पडली आहे. बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय रात्री कुणी पाण्याला जात नाही. सिनेमानं हा ऊस बरोबर पकडला आहे. ती बाई उसातून पळते आणि परत त्याच घराशी येते, तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, “चकवा.” मोटरच्या खोलीत माझाच आवाज घुमला.

मी फोन तिथंच बंद केला नाही. पुढं कळतं की त्या उसात लपाछपी खेळणारी पोरं कोण आहेत, आणि त्या घरानं पोटातल्या मुलींचं, सुनांचं काय केलं आहे. तेव्हा बंद केला. बाहेर जाऊन सरी बघितली, दार बदललं, आणि अंधारात उभा राहिलो. चकव्याचं भ्या केव्हाच गेलं होतं. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिच्या पाठीवर दुसरी चाहूल लागली नाही तेव्हा कोण काय बोललं होतं, कुणी कुठल्या गावचा डॉक्टर सुचवला होता, ते सगळं एकेक करून आठवलं. सुचवणारी माणसं प्रेमाची होती, सणाला घरी येणारी होती. उरलेला सिनेमा मी दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात, बायकोला शेजारी बसवून बघितला. पुढं ‘छोरी’ नावानं तो हिंदीत झाला. मला मराठीच जवळचा वाटतो, त्यातली तुळसाबाई आमच्या बोलीत बोलते.

त्या हिवाळ्यात आमच्या फडात बीडची टोळी आली. कोप्या पडल्या. एक बाई आठ महिन्यांची गरोदर, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत होती. त्याच वर्षी बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या होत्या, चौकशीला समिती नेमली गेली होती. मी मुकादमाला सांगून तिचं काम बांधावर मोळ्या बांधण्याचं करून घेतलं. एवढंच केलं. तिच्या पोटाकडं बघताना मला तो सिनेमा आठवत होता, आणि हे मी तिला सांगू शकत नव्हतो.

२०२५ च्या श्रावणात आईला थिएटरात नेलं. तिनं वीसेक वर्षांत थिएटर बघितलं नव्हतं. ‘महावतार नरसिंह’ लागला होता, सगळा चित्रांचा सिनेमा. नीरा नरसिंहपूरचा लक्ष्मी-नरसिंह आमचं कुलदैवत. प्रल्हादानं तिथं वाळूची मूर्ती करून पुजली अशी कथा आई आम्हाला लहानपणापासून सांगत आली. चित्रांतला देव तिला पटेल का, अशी मला शंका होती. तिनं चपला काढून पाय वर घेतले आणि मांडी घालून बसली. खांब फुटला तेव्हा आजूबाजूला लोक हात जोडून उभे राहिले, मुलीनं भीतीनं माझा दंड धरला. आई हलली नाही. ती त्याच्या आधीच भ्याली होती. बाप पोराला कड्यावरून लोटायला सांगतो, आगीत बसवायला लावतो, त्या वेळी तिनं पदर तोंडाला लावला होता.

परतताना जीपमध्ये आई पुढं बसली. मी चालवत होतो, बायको आणि मुलगी मागं. भवानीनगर गेलं. बेलवाडीच्या पुढं आई म्हणाली, “पोरानं किती हाका मारल्या बघ. देवाला यायला लई येळ लागला.”

लासुर्ण्याला वळलो. दोन्ही बाजूंनी ऊस. दिव्यांच्या उजेडात पुढचा थोडाच रस्ता दिसत होता. उजव्या हाताला, उसाच्या आत, एक जुनी दगडी विहीर आहे. आमच्या लहानपणी तिथं जायची बंदी होती. साती आसरांची विहीर. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, अवसेला लिंबू, दहीभात. भर दुपारी आसरा हाक मारतात, वळून बघायचं नाही, असं आम्हाला सांगितलेलं. मी माझ्या मुलीलाही तेच सांगून भिववलं होतं.

आई म्हणाली, “तिथं आसरा-बिसरा काय न्हवतं रं.”

मी गाडी हळू केली.

“म्होरल्या चुलत घरातली मधली सून. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं का तिसरं साल आसंल. तिसरी पण पोरगीच झाली. पंधरा दिवसांत विहिरीत पडली म्हणून सांगितलं सगळ्यांनी. दगड मागनं मांडलं.” थोडा वेळ गाडीचाच आवाज होता. मग ती म्हणाली, “ती पडली न्हवती. म्या नवीन होते. मला ठावं होतं, पण बोलता आलं न्हाय. तिच्यासाठी कुठलाच खांब फुटला न्हाय.”

पन्नास वर्षं आम्ही त्या दगडांना दहीभात ठेवत होतो. आबा आम्हाला हात धरून तिथून लांब न्यायचे, आणि आबांनाही ठाऊक असणार. भूत सांगितलं की पोरं विहिरीकडं जात नाहीत, आणि पोरं गेली नाहीत की विचारतही नाहीत. मला ‘छावा’च्या रात्रीचं चुलत्यांचं ते वाक्य आठवलं. तेही त्याच घरातले.

मागून मुलीनं विचारलं, “आजी, तिचं नाव काय होतं?”

आईनं नाव सांगितलं. पन्नास वर्षांत ते तिनं उच्चारलं नव्हतं, पण चाचपडावं लागलं नाही. ते नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या घरात ते आता सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यानंतरच्या पितृपंधरवड्यात आईनं त्या नावानं वेगळं पान वाढलं.

मुलगी अजून भुताचे सिनेमे बघते. घरी आल्यावर ती मला विचारते की भूत कोण होतं आणि त्याला भूत कुणी केलं. ज्या सिनेमाला याचं उत्तर देता येत नाही तो तिला आवडत नाही. माझंही आता तसंच झालं आहे.

विहिरीभोवतीचा ऊस गेल्या आठवड्यात तुटला, छत्रपतीला गेला. पाचट अजून रानात पसरलेलं आहे. रस्त्यावरून जाताना विहीर आणि काठावरचे सातही दगड आता स्पष्ट दिसतात.